जिवंत झऱ्यांवरचा हिवाळा: विस्कॉन्सिनच्या ओढ्यांतले ट्राउट, तिघे मित्र आणि एक काठी

ओढेकर

थंडीच्या दिवसांत गावाकडे पहाटे विहिरीवर आंघोळ केलेल्यांना ठाऊक असेल की, बाहेर दात वाजत असतानाही नुकतेच शेंदलेले पाणी अंगावर कोमट लागते आणि बादलीतून वाफ निघताना दिसते. विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, भर जानेवारीत, सभोवती गुडघाभर बर्फ असताना ट्राउट मासा गळाला लागतो तो याच कारणाने. आणि गेली सहा वर्षे आम्ही तिघे मित्र, म्हणजे एक नागपूरकर, एक सांगलीकर आणि मी, मॅडिसनहून दोन तास गाडी हाकत तिकडे जातो तेही याच भरवशावर. मागे एका चर्चेत मी याचा ओझरता उल्लेख केला होता, तेव्हा दोघातिघांनी सविस्तर लिहायला सांगितले, म्हणून हा धागा काढतो आहे.

या मुलखाला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमनद्या सरकत गेल्या तिथे त्या आपल्यामागे दगडगोटे, वाळू आणि माती यांचे जे थर सोडून गेल्या, त्यांना भूशास्त्रात ड्रिफ्ट असे नाव आहे. शेवटच्या हिमयुगात बर्फाची लाट या भागाला वळसा घालून गेली, त्यामुळे इथे ते थर नाहीत आणि टेकड्याही सपाट झाल्या नाहीत. विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉय या चार राज्यांत मिळून हा प्रदेश सुमारे २४,००० चौरस मैलांचा आहे. खाली चुनखडीचा आणि वालुकाश्माचा खडक असल्यामुळे पावसाचे आणि बर्फाचे पाणी मुरते, भेगांतून फिरते आणि घळीच्या पायथ्याशी जिवंत झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. त्याचे तापमान बारा महिने नऊ अंश सेल्सियसच्या आसपास असते. जुलैमध्ये हेच पाणी माशांना गारवा देते आणि जानेवारीत ऊब देते. झऱ्याच्या तोंडाशी वॉटरक्रेस नावाची मोहरीच्या कुळातली एक पालेभाजी पांढऱ्याशुभ्र बर्फाच्या मधोमध हिरवीगार उभी असते. पहिल्या वर्षी ती पाहून सांगलीकराने कोणी तरी प्लास्टिकची फेकली असेल असे ठामपणे सांगितले होते.

आता नियमांविषयी थोडक्यात लिहितो. विस्कॉन्सिनमध्ये ट्राउटचा मुख्य हंगाम मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी सुरू होऊन १५ ऑक्टोबरला संपतो. त्याआधीचा जो हंगाम आहे, तो २०१६ पासून जानेवारीच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो. त्यात केवळ कृत्रिम आमिष वापरता येते आणि पकडलेला प्रत्येक ट्राउट परत पाण्यात सोडावा लागतो. नवख्यांची फसगत होते ती परवान्यात: इथला वार्षिक परवाना एप्रिल ते मार्च असा चालतो, त्यामुळे जानेवारीत जाणाऱ्याला संपत आलेल्या वर्षाचाच परवाना घ्यावा लागतो, शिवाय ट्राउटचा शिक्का वेगळा. दुसरी गोष्ट अशी की, ओढ्याच्या दोन्ही काठांना बहुधा खासगी शेते असतात, परंतु नौकानयनासाठी योग्य ठरलेल्या प्रवाहात सार्वजनिक रस्त्याने किंवा पुलाजवळून उतरल्यास, पाय पाण्यात राहतील तोवर चालण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पाय ओले ठेवा, एवढाच त्या कायद्याचा लोकांच्या तोंडी असलेला सारांश आहे.

आम्ही घरून निवांत निघतो, कारण हिवाळ्यात पहाटे ओढ्यावर पोचून काहीही साधत नाही. मासा थंड रक्ताचा असल्याने पाणी चार-पाच अंशांच्या खाली गेले की त्याची हालचाल मंदावते, तो खोल संथ पाण्यात तळाशी बसून राहतो आणि तोंडासमोर आलेले अन्न सोडून इतर कशासाठीही हलत नाही. सकाळी अकरा ते दुपारी तीन हीच काय ती वेळ. मी कमरेला दोरी बांधून एक साधा पाण्याचा तापमापक जवळ ठेवतो, आणि खरे सांगायचे तर गेल्या सहा वर्षांत मला गळाच्या काठीपेक्षा त्यानेच अधिक मासे मिळवून दिले. गेल्या शनिवारी हवा उणे सात अंश होती. टिंबर कूली ओढ्यावर, वेस्टबीजवळच्या स्कीच्या उडीचा तो उंच उतार जिथून दिसतो त्याच्या खालच्या अंगाला, पाणी तीन अंश भरले. तिथे अर्धा तास गेला आणि हाती काहीच आले नाही. तिथून काठाकाठाने दोनशे पावले वर गेलो तेव्हा डावीकडून एक मनगटाएवढा झरा मिळत होता, त्याच्या खालच्या डोहात पाणी सात अंश होते. त्या एका डोहात आम्हाला पाच मासे मिळाले.

यातला एक उलटा हिशेब लक्षात यायला मला दोन हिवाळे लागले. कडक थंडीनंतर एखादा दिवस लख्ख उन्हाचा निघाला की, आज मासे खुलतील असे कोणालाही वाटते. पण त्या उन्हाने उतारावरचा बर्फ वितळून शून्य अंशाचे पाणी ओढ्यात येते आणि दुपारी बारानंतर पाण्याचे तापमान वाढण्याऐवजी उतरू लागते. त्यापेक्षा बर्फ न वितळवणारा, ढगाळ आणि शांत दिवस कितीतरी चांगला.

काठीविषयी मात्र मला जास्त लिहायचे आहे. हे ओढे इतके अरुंद असतात की, शाळेत लांब उडीत नंबर काढलेला मुलगा अनेक ठिकाणी पलीकडे जाईल. अशा जागी तिघांनी तीन काठ्या परजल्या तर पहिल्याच फेकीला सगळा डोह सावध होतो, म्हणून आम्ही तिघांत एकच काठी नेतो. एक जण गुडघ्यावर बसून फेकतो, दुसरा मागे उभा राहून पाण्यावर नजर ठेवतो आणि तिसरा चहा ओततो. मासा लागला, किंवा झाडात दोन माश्या अडकवून घालवल्या, की पाळी संपते. नागपूरकराची पाळी दुसऱ्या नियमानेच संपते. आता माशी म्हणजे गरीवर (गळाच्या आकड्यावर) पिसे, केस आणि दोरा बांधून केलेला किडा, हे पुढे येईलच.

पहिली दोन वर्षे आमच्याकडे नेहमीची, रीळ (दोर गुंडाळायची चकती) असलेली काठी होती. दोर मागेपुढे ओढताना त्यावरचे पाणी काठीच्या कड्यांत साठते आणि गोठते. टोकाचे कडे आधी धुरकट होते, मग त्यात साबुदाण्याएवढा पारदर्शक मणी तयार होतो आणि दोर करकरत थांबतो. नखाने तो मणी काढायला गेलो तर टोक मोडण्याची भीती, म्हणून काठी काही क्षण पाण्यात बुडवून ठेवायची, कारण तिथे पाणीच काय ते ऊबदार असते. दर पाचसहा फेकींनंतर हे करावे लागे. तिसऱ्या वर्षी आम्ही जपानी पद्धतीची टेनकारा काठी घेतली. तिला रीळ नाही, कडी नाहीत. सुमारे साडेतीन मीटर लांबीच्या लवचीक काठीच्या टोकाला ठरावीक लांबीचा दोर गाठवलेला असतो, बस्स. गोठायला जागाच नाही.

आणि मासा? ब्रूक ट्राउट हा इथला मूळचा रहिवासी. तो दिसायला ट्राउट असला तरी शास्त्रीयदृष्ट्या ‘चार’ (char) या नावाच्या, ट्राउटच्या भाऊबंद माशांत मोडतो. वीतभर लांबीचा, पाठ शेवाळी रंगाची आणि तिच्यावर वाळवीने कोरल्यासारखी नागमोडी नक्षी, कुशीवर लाल ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती निळे कडे, पोटाखालच्या परांना चुन्याच्या बोटाने ओढावी तशी पांढरी कड. दुसरा ब्राउन ट्राउट. तो युरोपातला, १८८३ साली जर्मनीतून त्याची अंडी अमेरिकेत आली आणि आता तो या ओढ्यांत आपोआप वाढतो. झऱ्याच्या अगदी वरच्या थंड भागात ब्रूक आणि खाली ब्राउन, अशी साधारण वाटणी असते.

---

रापणकर

लेख आवडला, आणि टेनकाराचे वर्णन वाचून हसू आले. आमच्या मालवणाकडे बांबूची काठी, तिच्या टोकाला दोर, दोराला गरी, एवढाच सरंजाम घेऊन पोरे वहाळावर गरवायला बसतात. त्या काठीला कोणी जपानी नाव दिले नाही, म्हणून ती दोनशे डॉलरला विकली जात नाही, एवढाच काय तो फरक.

मात्र आमच्या गरीला गांडूळ नाही तर कोळंबी असते, आणि मिळालेला मासा संध्याकाळी तव्यावर जातो. इथे मासा पकडून सोडायचा असेल तर उणे सात अंशांत जायचेच कशाला, हे मला अजून उमगलेले नाही. दुसरे म्हणजे, थंडीत किडे मेलेले असताना हा मासा पिसांच्या माशीला भुलतो कसा?

---

ओढेकर

रापणकर, काठीविषयीचे तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य आहे. आमच्या काठीला सांगलीकर गरीच म्हणतो.

थंडीत किडे मेलेले नसतात, हीच तर या ओढ्यांची गंमत आहे. तळाच्या वनस्पतींत स्कड नावाचे झिंग्यासारखे, नखाएवढे जीव वर्षभर असतात, म्हणजे तुमच्या कोळंबीचे इथले धाकटे भावंड म्हणायला हरकत नाही. पाण्यातून बाहेर येणाऱ्या किड्यांत मिज नावाच्या चिलटासारख्या माश्या मुख्य. त्यांतल्या डायमेसा या वंशावर मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी बरेच काम केले आहे. झऱ्यांच्या ओढ्यांत वाढणारी त्यांची एक जात प्रौढ झाल्यावर उणे वीस अंशांच्या आसपासही गोठत नाही आणि भर हिवाळ्यात बर्फावरच जोडीदार शोधते. काठावरच्या बर्फावर मिऱ्याची भरड सांडल्यासारखे काळे ठिपके दिसले आणि ते चालू लागले, तर ते हेच. फेब्रुवारीच्या सुमारास त्यांच्या जोडीला लांबट काळी स्टोनफ्लाय येते.

म्हणून आमच्या डबीत दोनच प्रकार असतात. एक, वीस-बावीस क्रमांकाच्या गरीवर काळ्या दोऱ्याने बांधलेली मिज. गरीचा क्रमांक जितका मोठा तितकी ती लहान, त्यामुळे ही साधारण तांदळाच्या कणीएवढी भरते. दुसरी पिंक स्क्विरल, म्हणजे गुलाबी खार. ती याच परिसरात जन्मली: सोनेरी मणी, त्यामागे झगझगीत गुलाबी गळपट्टा आणि खारीच्या केसांचे अंग. निसर्गात असा प्राणी नाही, तरी ट्राउट तिच्यावर का तुटून पडतात याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही. मण्याच्या वजनाने ती तळाशी जाते, आणि हिवाळ्यात मासा तळ सोडत नाही, हे एक कारण असावे.

सोडण्याबद्दल सांगायचे तर, या हंगामात तो कायदाच आहे. मे महिन्यानंतर ठरलेल्या मर्यादेत मासे ठेवता येतात आणि आम्ही जूनमध्ये दोनचार ठेवतोही. त्यांना हळद-मीठ-तिखट लावून रव्यात घोळवले की सांगलीकराचा ओढ्यावरचा सगळा थकवा जातो.

---

मीमांसा

लेखनशैली उत्तम आहे, पण एक अप्रिय प्रश्न विचारते. खाण्यासाठी मासा मारणे मी समजू शकते. केवळ हातात घेऊन पाहण्यासाठी एका जिवाच्या जबड्यात गरी रुतवायची, त्याला दमवायचे, आणि मग सोडून दिल्याचे समाधान मानायचे, यात त्या माशाच्या वाट्याला काय येते? त्यातून हिवाळा म्हणजे त्याचा जीव जगवण्याचा काळ. तुम्हीच लिहिले आहे की तो हलायलाही नाखूश असतो.

---

ओढेकर

मीमांसाताई, या प्रश्नाला मी बगल देणार नाही. माशाच्या वाट्याला काहीच येत नाही. सोडलेले बहुतेक मासे जगतात, सगळे जगत नाहीत, आणि जो खेळ आहे तो आमच्या बाजूने आहे. तरीही मी जातो.

जे हातात आहे तेवढे करतो. गरीचा उलटा काटा आम्ही पक्कडीने दाबून टाकतो, त्यामुळे ती सहज निघते. हवा शून्याखाली असताना मासा पाण्याबाहेर काढत नाही, कारण कल्ल्यांचे तंतू ओले आणि नाजूक असतात आणि बोचऱ्या हवेत ते काही क्षणांत गोठू शकतात. त्यामुळे गेल्या तीन हिवाळ्यांत आमच्याकडे हातात मासा धरून काढलेला एकही फोटो नाही. जे आहेत ते पाण्याखालचे, आणि ते बहुतेक सगळे अस्पष्ट आहेत. कोरड्या लोकरी हातमोज्याने मासा धरला तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो, म्हणून आधी मोजा काढून हात भिजवायचा. उणे सातमध्ये हे करताना तुमच्या शंकेची आठवण आपोआप राहते.

याहून मोठे नुकसान पायांनी होते, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. ब्रूक आणि ब्राउन हे दोन्ही मासे शरद ऋतूत अंडी घालतात. मादी शेपटीने तळाची वाळू-खडी उपसून खळगा करते, अंडी घालते आणि वर खडी लोटते. ती अंडी हिवाळाभर त्या खडीत असतात. आजूबाजूचा तळ शेवाळाने काळपट दिसतो आणि मध्येच ताटाएवढा किंवा परातीएवढा स्वच्छ, फिकट खडीचा तुकडा दिसतो, तो हा. त्यावर एक बूट पडला तर शेकडो अंडी चिरडतात. आमच्यात मागे उभा राहणारा माणूस मुख्यतः हेच बघतो आणि पुढच्याला ओरडून थांबवतो.

---

तीर्थनयात्री

मी पुण्याचा असून तीनदा हिमाचलात तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउटसाठी गेलो आहे. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी पूर्ण बंद असते आणि कारण तुम्ही सांगितले तेच, अंडी घालण्याचा काळ. तुमच्याकडेही १५ ऑक्टोबरला बंद होते हे वाचून सांधा जुळला. मग जानेवारीत पुन्हा उघडतात कसे? अंडी तर अजून खडीतच असतात ना?

---

डेल्समधली

इथे इंग्लंडमध्येही नद्यांवरचा ब्राउन ट्राउट साधारण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत बंद असतो. नेमक्या तारखा भागागणिक बदलतात. पण आमच्या यॉर्कशरच्या नद्यांत ग्रेलिंग नावाचा मासा आहे. त्याच्या पाठीवर शिडासारखा मोठा, जांभळट झाक असलेला पर असतो. तो वसंतात अंडी घालतो, त्यामुळे त्याचा हंगाम १४ मार्चपर्यंत चालू राहतो आणि हिवाळ्यात आमची मंडळी त्याच्या मागे असतात. अधूनमधून गरीला ट्राउट लागतोच, तो तसाच पाण्यात मोकळा करायचा. आमच्या गटात दोन मराठी बायका आहेत आणि इतर सगळे सत्तरीचे आजोबा. तुमचा तिसऱ्याने चहा ओतण्याचा नियम त्यांना वाचून दाखवला, तर आमच्यात तिघेही चहाच ओततात असे उत्तर मिळाले.

---

ओढेकर

तीर्थनयात्री, तुमची शंका रास्त आहे. बंदीचा मुख्य उद्देश अंडी घालणाऱ्या, उथळ पाण्यात उघड्यावर आलेल्या माशांना त्रास होऊ नये हा आहे. जानेवारीपर्यंत ते मासे डोहांत परतलेले असतात. खडीतली अंडी मात्र तुम्ही म्हणता तशी तिथेच असतात, आणि ती सांभाळण्याची जबाबदारी पाण्यात उतरणाऱ्यावर येते. माझे वैयक्तिक मत असे की, ज्याला तो फिकट खडीचा तुकडा ओळखता येत नाही त्याने पहिल्या हिवाळ्यात पाण्यात उतरूच नये, काठावरूनच फेकावे.

---

पाणलोट७२

मी मृदसंधारण खात्यातून निवृत्त झालो आहे आणि मासेमारीतले मला ओ की ठो कळत नाही. पण टिंबर कूलीचे नाव वाचून लिहायला बसलो, कारण तो ओढा ज्या कून क्रीकला मिळतो, त्या कून व्हॅलीचे नाव आमच्या अभ्यासात होते. १९३३ साली अमेरिकेतला पाणलोट पातळीवरचा पहिला मृदसंधारण प्रकल्प तिथे सुरू झाला. त्याआधीच्या काळात शेतकऱ्यांनी उताराला उभी नांगरट केली होती, टेकड्यांवर गुरे सोडली होती, आणि प्रत्येक पावसात घळी फाटून चिखल ओढ्यात येत होता. मग समतल पट्ट्यांत पिके घेणे, चढावरची चराई थांबवणे, झाडे लावणे ही कामे झाली. पाणी वाहून जाण्याऐवजी मुरू लागले.

आमच्याकडे १९७२ च्या दुष्काळानंतर नालाबांध झाले, पुढे हिवरे बाजारसारख्या ठिकाणी समतल चरांनी विहिरींना पाणी आले, त्याचेच हे भावंड. आम्ही यश मोजत होतो ते विहिरीच्या पाण्याच्या पातळीवरून. तिथे ते माशांवरून मोजता येते, हे आजवर लक्षात आले नव्हते. मला विचारायचे आहे ते असे की, या कामांमुळे झऱ्यांचे पाणी वाढले, असे तिथले लोक मानतात का?

---

ओढेकर

काका, नुसते मानतात असे नाही, या भागातल्या ओढ्यांचा पावसाळ्याबाहेरचा मूळ प्रवाह गेल्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला हे मोजमापांतून दिसून आले आहे, आणि सुधारलेली शेती हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. मूळ प्रवाह वाढला म्हणजे भूजलाचा वाटा वाढला, म्हणजे उन्हाळ्यात पाणी गार आणि हिवाळ्यात कोमट. एके काळी या ओढ्यांत तलावात वाढवलेले मासे आणून सोडावे लागत; आज टिंबर कूलीतले ब्राउन तिथेच जन्मतात. मी गेल्या शनिवारी ज्या डोहाचे सात अंश मोजले, त्याच्या मागे तुमच्या खात्याच्या अमेरिकन भाऊबंदांची नव्वद वर्षे आहेत, हे तुमच्यामुळे नीट समजले.

सगळेच सुरळीत आहे असे नाही. ऑगस्ट २०१८ च्या अतिवृष्टीत कून क्रीक आणि शेजारच्या वेस्ट फोर्क किकापू या दोन खोऱ्यांतली मिळून पाच पूरनियंत्रण धरणे फुटली. आमचा एक आवडता डोह त्या रात्रीत नाहीसा झाला. तिथे आता गोट्यांचा पसारा आहे. काठ ढासळू नयेत आणि माशांना सावली मिळावी म्हणून काठाखाली लाकडी फळ्यांची कपाटे बसवून त्यांवर दगड-माती घालण्याची इथे पद्धत आहे. पुरानंतर काही ठिकाणी ती कपाटे पाण्यापासून दोन हात दूर, कोरड्यात उघडी पडलेली दिसत होती.

---

कुडकुडे

नुकताच पुण्याहून मॅडिसनला आलो आहे आणि हा माझा पहिलाच हिवाळा आहे. वाचून जावेसे वाटते, पण भीतीही वाटते. कपडे काय घालावेत आणि पाण्यात पडल्यास काय होते, हे कृपया सांगावे. मासेमारीचा अनुभव शून्य आहे. लहानपणी महाडजवळ वाळण कोंडीत मासे पाहिले होते, पण ते देवीचे, त्यांना चुरमुरे घालायचे असतात, पकडायचे नसतात.

---

ओढेकर

वाळण कोंडीतले महाशीर ज्याने पाहिले आहेत त्याला डोह कसा वाचावा याचे निम्मे शिक्षण आधीच मिळाले आहे: वरून धार पडते, ती जिथे संथ होते त्या सीमेवर मासे उभे राहतात.

कपड्यांचे सूत्र सोपे आहे, सुती काही नको. आत लोकर, वर लोकर, त्यावर वेडर, म्हणजे छातीपर्यंतची जलरोधक विजार. मोज्यांचे दोन जाड जोड कोंबून बूट घट्ट केला तर रक्त फिरत नाही आणि पाय आणखी लवकर गारठतात. एकच जाड जोड आणि बोटे हलतील एवढी जागा ठेवावी. नमदा लावलेल्या तळव्यांचे बूट हिवाळ्यात नकोत. त्यांना बर्फ चिकटून चार इंची खडावा होतात. दोराच्या गाठी घरीच मारून, माश्या जोडून, पुठ्ठ्याला गुंडाळून न्याव्यात, कारण तांदळाच्या कणीएवढ्या माशीच्या नेढ्यातून दोर ओवण्याइतकी बोटे तिथे शाबूत राहत नाहीत. खाण्यासाठी गूळपोळी सर्वोत्तम. ती गोठली तरी तुटते आणि तुटली तरी खाता येते. थालीपिठाचा मात्र पत्रा होतो.

पाण्यात पडण्याबद्दल माझाच अनुभव सांगतो. दुसऱ्या हिवाळ्यात काठावरून पाण्यावर पुढे आलेल्या बर्फाच्या पडवीवर मी उभा राहिलो. ती वरून जमिनीसारखीच दिसत होती, कारण तिच्यावर ताजा भुरभुरा बर्फ होता, आणि खाली आधार काहीच नव्हता. ती मोडली. पाणी जेमतेम कमरेइतके होते, पण मी आडवा पडल्याने ते वेडरच्या वरच्या कडेने आत शिरले. वेडरवर बांधायचा पट्टा मी गाडीत ठेवला होता, नाहीतर ते कमरेपाशीच अडले असते. थंडी लगेच वाजत नाही, आधी श्वासच घेता येत नाही. नागपूरकराने कॉलर धरून ओढले. गाडी दहा मिनिटांच्या अंतरावर होती आणि गाडीच्या दारापाशी पोचेपर्यंत माझी बोटे चेनची कडी पकडेनाशी झाली होती; सांगलीकराने लहान मुलाचे उतरवावेत तसे माझे कपडे उतरवले. सुक्या कपड्यांची पिशवी गाडीत होती म्हणून गोष्ट विनोदाने सांगता येते. तेव्हापासून आमचे दोन नियम आहेत. पट्टा बांधल्याशिवाय कोणी गाडी सोडत नाही, आणि एकट्याने कोणी येत नाही.

तुम्हाला सुरुवात करायला ब्लॅक अर्थ क्रीक उत्तम. मॅडिसनहून क्रॉस प्लेन्स अर्ध्या तासाच्या आत येते. पहिल्या खेपेला काठीही नेऊ नका, तापमापक घेऊन काठाने फिरा, शेजाऱ्याला सोबत घ्या.

---

कुडकुडे

काल गेलो होतो. शेजारी यायला तयार झाला नाही, म्हणून बायकोला नेले. काठावरून, पाण्यात न उतरता, पुलाखाली साडेतीन अंश मोजले. तिथून वर एका झऱ्याच्या तोंडाशी आठ अंश भरले आणि ती हिरवी पालेभाजीही दिसली. बर्फावर काळे ठिपके चालत होते. त्यांतला एक बायकोने तळहातावर घेतला तर तो काही वेळाने लडबडू लागला, तेव्हा परत बर्फावर सोडला. मासा मात्र एकही दिसला नाही. झऱ्याच्या तोंडाशी वीस मिनिटे उभे होतो.

---

ओढेकर

तळहाताची ऊब त्या किड्यांना मानवत नाही, ते थंडीसाठीच घडलेले आहेत. वहिनींनी सोडले ते बरे केले.

मासे दिसले नाहीत याचे कारण बहुधा असे की, झऱ्याच्या अगदी तोंडाशी पाणी उथळ आणि आरशासारखे असते, तिथे तुमची सावली पडताच ते खाली सरकतात. तिथून पंधरावीस पावले खाली, जिथे तळ दिसेनासा होतो आणि पाण्याचा रंग बाटलीसारखा हिरवा होतो, तिथे पाहायला हवे होते, आणि काठापासून मागे राहून, गुडघ्यावर बसून. येत्या शनिवारी अंदाज ढगाळ आणि उणे चारचा आहे. आम्ही मॅडिसनहून नऊला निघतो आणि गाडीत दोन जागा आहेत. सुक्या कपड्यांच्या दोन पिशव्या आणि जमल्यास गूळपोळ्या आणाव्यात. काठी विकत घेऊ नका, एक आहे.